काळ्या घोड्याचा स्वार

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब, सहपरिवार काळ्या घोड्याच्या उत्सवाला गेलो होतो. सहपरिवार म्हणजे अस्मादिक, आमची सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षांची नात. बरोबर पाण्याच्या बाटल्या, पुरीभाजीचा डबा आणि घरी परत जायची वेळ काय याविषयी पाच जणांची पाच मते. फोर्टातल्या त्या चौकात रस्ताभर माणसे लोटली होती. पदपथावर चित्रे मांडलेली, मध्येच कुणी ढोलकी वाजवीत आहे, पलीकडे कुंभाराच्या चाकाभोवती मुले चिखलात हात घालून बसलेली. या सगळ्या गर्दीच्या डोक्यावर चौथऱ्यावर उभा असलेला तो घोडा. काळाभोर, ताठ मानेचा आणि रिकाम्या पाठीचा.

नातीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि मला विचारले, "आजोबा, याच्यावरचा माणूस कुठे गेला?"

प्रश्न साधाच होता. पण त्याचे उत्तर द्यायचे म्हणजे दीडशे वर्षे मागे जायला हवे, आणि शिवाय थोडेसे आमच्या घरातही डोकवायला हवे. भर गर्दीत ते जमले नाही. "सांगतो पुढे," म्हणून मी तिला कुल्फीकडे वळविले. दिवाळीच्या निवांतपणात आज ते ऋण फेडतो आहे.

मुंबईचा फोर्ट हा एके काळी नावाप्रमाणे खरोखरीचा किल्ला होता. त्याला तट होता, खंदक होता आणि अपोलो गेट, चर्च गेट, बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६२ साली सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. शत्रूची भीती सरली होती आणि तटाच्या आत माणसांचा जीव गुदमरू लागला होता. फ्रियरसाहेबांनी तो तट पाडावयास काढला. नेमक्या याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कित्येकांचे दिवाळे वाजले. पण तट पडून मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्या राहिल्याच. तटाची आठवण म्हणून एका रस्त्याला 'रॅम्पार्ट रो' हे नाव चिकटले. आज त्याचे नाव के. दुभाष मार्ग आहे. शेजारची 'रोपवॉक' गल्ली ही तिथे दोर वळणाऱ्यांची खूण.

या मोकळ्या जागेवर जी घराणी पुढे आली, त्यांत ससून घराणे मोठे. मूळचे बगदादचे ज्यू. डेव्हिड ससून मुंबईस आले, व्यापारात अमाप कमावते झाले आणि दानधर्मातही मागे राहिले नाहीत. त्यांच्या नावाचे ग्रंथालय १८७० साली इथे पुरे झाले. आजही त्याच्या सज्जातल्या लांब खुर्च्यांवर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन दुपारची झोप काढणारी मंडळी दिसतात. ज्ञानमंदिराचा हाही एक उपयोगच म्हणायचा.

डेव्हिड यांचे पुत्र आल्बर्ट ससून. १८७५ च्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचे थोरले चिरंजीव, प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर मुंबईत उतरले. त्या भेटीचे स्मारक म्हणून आल्बर्टशेटींनी त्यांचा अश्वारूढ पुतळा करविला. शिल्पकार होते जोसेफ एडगर बोएम. १८७९ साली हा ब्राँझचा पुतळा या चौकात बसला. युवराज पुढे १९०१ साली सातवे एडवर्ड म्हणून गादीवर आले.

आता गंमत पहा. पुतळा युवराजांचा. दान एका लक्षाधीशाचे. त्याच्या अनावरणाला बडे साहेब, जरीचे पोशाख, तोऱ्याची भाषणे, सगळे यथासांग झाले असणार. पण रस्त्यावरून जाणाऱ्या हमालाने, गाडीवानाने, पाटीवालीने वर पाहिले आणि तिला काय दिसले? एक काळा घोडा! वर कोण बसला आहे याची चौकशी कुणी केली नाही. ज्यू दात्याने, परदेशी शिल्पकाराकडून, इंग्रज युवराजाचा पुतळा करवून घ्यावा आणि मुंबईच्या माणसाने स्वाराला वगळून तो घोड्याच्या नावावर चढवावा, यात मला या शहराचा सारा स्वभाव दिसतो. भायखळ्याला शेट करसेटजी माणेकजी यांचा पुतळा आहे. तोही लोकांच्या लेखी नुसता 'खडा पारशी'. मुंबईला नावे ठेवायची नव्हे, नावे द्यायची हौस आहे आणि ती देताना ती कुणाच्या पदवीकडे पाहत नाही.

हा चौक पुढे भरत गेला. १८६७ ते ६९ या काळात इथे वॉटसन हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने इथे आणला आणि जोडला. ७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. तिकीट होते एक रुपया, म्हणजे गरिबाला परवडणारे नव्हेच. तरीही त्या चित्रांचे वेड आपल्याकडे असे काही पसरले की, पुढे सतरा वर्षांनी, १९१३ च्या मे महिन्यात, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. समोरच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ साली बसली, ती त्याच एडवर्डच्या मुलाच्या हातून. तोही तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्सच होता. म्हणजे बाप चौकात घोड्यावर आणि मुलाचे नाव संग्रहालयावर, असा हा एका घराण्याचा शेजार. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची ती घुमटाची इमारत महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि १९२२ साली संग्रहालय म्हणून खुली झाली. १९९८ पासून ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाते.

इथवर झाला तो सरकारचा आणि श्रीमंतांचा इतिहास. आता रस्त्याचा.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, दुकानांच्या पाट्या रंगवीत. गिरगावात चाळीतली एक खोली, बाहेर गॅलरीत रंगाचे डबे. सुतळीला खडू फासून ती पाटीवर ताणायची आणि टिचकी मारून रेघ उमटवायची, हे त्यांचे काम आम्ही मुले जादूच्या प्रयोगासारखे पाहत असू. 'येथे उत्तम प्रकारचे' या शब्दांपुढे कधी तूप येई, कधी चष्मे, कधी लुगडी. अक्षर मात्र तेच, गोल, टपोरे, दुकानदाराच्या भाग्यापेक्षा अधिक भरलेले.

महिन्यातून एखाद्या रविवारी अण्णा आम्हांला 'कोटात' फिरायला नेत. आईच्या पिशवीत दशम्या, बटाट्याची भाजी आणि फिरकीचा तांब्या. बसवाहक "काळा घोडा" म्हणून ओरडला की आम्ही उड्या मारून उतरत असू. अण्णा पुतळ्यासमोर उभे राहत. युवराजाविषयी चकार शब्द नाही. "घोड्याचा गुडघा पाहा," म्हणत. "ओतकामात एवढी शीर उमटवणे सोपे नाही." मग संग्रहालय. मग गेट वेवर शेंगदाणे. पण या दोन्हींच्या मध्ये एक ठिकाण येई, तिथे अण्णांची पावले रेंगाळत. ते म्हणजे जहांगीर कलादालन.

हे कलादालन १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालयाच्या आवारात उभे राहिले. आत जायला पैसे नव्हते. दाराशी कुणी अडवीत नसे. तरीही अण्णा पायऱ्यांशी थांबत, काचेतून आत डोकावत आणि म्हणत, "चला. आपले काम रस्त्यावरचे. हे आतले." मी एकदा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या नखांत अडकलेला निळा रंग मला दाखविला. हेच जणू आत न जाण्याचे कारण होते! आठ वर्षांच्या पोराला ते पटले नाही. पण बापाच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्यामुळे पुन्हा विचारण्याचा धीरही झाला नाही.

मोठेपणी वाचू लागलो, तेव्हा कळले की अण्णांचा समज पुरा खरा नव्हता. ज्या मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांचा पुढे एवढा बोलबाला झाला, ते तरुणपणी याच मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. के. एच. आरा हे लहानपणी मुंबईस आले आणि घरगडी म्हणून राबले. सूझा, रझा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर या दोघांनी १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला आणि १९४९ साली त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, ते याच रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. म्हणजे काळ्या घोड्याच्या हाकेच्या अंतरावर! फलक रंगविणारा माणूस रस्त्यावरून उठून आत गेला होता. अण्णांच्या कानी ही बातमी कुणी घातली नव्हती, एवढेच.

पुढे १९७५ साली तर आणखी नवल घडले. डहाणूकडच्या वारली पाड्यांवर लग्नाच्या वेळी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या परंपरेतले जिव्या सोमा मशे यांची चित्रे जहांगीरमधल्याच केमोल्ड दालनात लागली. शेणामातीची भिंत फोर्टात येऊन काचेआड बसली. लिहिणे म्हटले जाते, काढणे नव्हे, हेही लक्षात ठेवण्याजोगे. आपल्याकडे पाटी, रांगोळी, चौक आणि अक्षर यांच्यात कधी फारसे कुंपण नव्हतेच. कुंपण आले ते पायऱ्यांबरोबर.

पण मी घोड्याला विसरलो. १९६५ साली तो नाहीसा झाला. स्वातंत्र्य मिळून अठरा वर्षे झाली होती, संयुक्त महाराष्ट्र होऊन पाच. परक्या राज्यकर्त्यांचे पुतळे भर चौकांत कशाला, असा लोकांचा सवाल होता आणि तो गैरही नव्हता. एडवर्डसाहेबांची स्वारी चौकातून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवण्यात आली. राणी म्हणजे व्हिक्टोरिया. चिरंजीव अखेर आईच्या बागेत राहायला गेले असे म्हणून आमच्या चाळीत खूप हशा झाला. अण्णा मात्र हसले नाहीत. "राजा गेला ते बरेच झाले," ते म्हणाले, "पण घोड्याने काय केले होते?"

यापुढचा प्रकार मला सगळ्या इतिहासात अधिक मोलाचा वाटतो. पुतळा गेला. चौथरा गेला. त्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. परंतु बसवाहक "काळा घोडा" म्हणून ओरडतच राहिले. एक वर्ष नव्हे, दहा वर्षे नव्हेत, तब्बल बावन्न वर्षे त्या चौकात घोडा नव्हता आणि चौकाचे नाव काळा घोडा होते! ज्यांनी घोडा प्रत्यक्ष कधी पाहिला नाही, अशांच्या दोन पिढ्या तिथे उतरल्या, तिथे भेटल्या. सरकारने दिलेले नाव पाटी बदलली की जाते. लोकांनी दिलेले नाव पाटीवर नसतेच, म्हणून ते पुसताही येत नाही. आपले कवी अरुण कोलटकर याच चौकातल्या 'वेसाइड इन'मध्ये वर्षानुवर्षे खिडकीशी बसत आणि २००४ साली त्यांचा जो इंग्रजी काव्यसंग्रह आला, त्याच्या नावातही हाच नसलेला घोडा होता. त्या संग्रहातली माणसे कोण? झाडूवाल्या, भिकारी, फुटपाथवर न्याहारी करणारे. राजा तिथेही नाही.

१९९८ साली या भागातल्या काही मंडळींनी काळा घोडा असोसिएशन स्थापन केली आणि १९९९ पासून नऊ दिवसांचा कला उत्सव सुरू झाला. चित्र, शिल्प, नृत्य, नाटक, पुस्तके, मुलांचे खेळ, सगळे विनामूल्य आणि बरेचसे भर रस्त्यावर. यातून उभा राहणारा पैसा परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या आणि रस्त्यांच्या डागडुजीस लागावा, हाही हेतू होता. अलीकडे महासाथीत त्यात खंड पडला आणि २०२३ पासून तो पुन्हा भरू लागला.

या उत्सवाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या घरात होते. हातातला कुंचला सुटून काही वर्षे झाली होती. पाट्या आता यंत्रातून छापून येत. गिरगावातल्या त्यांनी रंगविलेल्या पाट्या एकेक करून उतरत होत्या आणि ते त्याविषयी बोलत नसत. मी त्यांना जबरदस्तीनेच नेले. रॅम्पार्ट रोवर एका ठिकाणी मोठे पांढरे कापड ताणले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर हवे ते रंगवावे अशी योजना होती. मुले फुले काढीत होती, कुणी आपले नाव लिहीत होते. अण्णा बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पुढे होऊन एका मुलीच्या हातून कुंचला मागून घेतला, अंगठ्याने त्याचे केस एका बाजूला दाबले आणि 'क' काढला. एकच अक्षर. हात कापत होता, पण अक्षर कापले नाही. भोवतालची मुले गप्प झाली. एका तरुणाने, तो बहुधा चित्रकलेचा विद्यार्थी असावा, अदबीने विचारले, "आजोबा, आपण कुठे शिकलात? जे. जे.ला का?"

"नाही," अण्णा म्हणाले, "बाहेरच."

त्याने वाकून नमस्कार केला. अण्णांनी कुंचला पुसून मुलीला परत दिला. आम्ही चालू लागलो. जहांगीरच्या पायऱ्यांशी नेहमीप्रमाणे त्यांचा पाय अडखळला. मी थांबलो. क्षणभराने तेच म्हणाले, "चल, काय आहे ते पाहून येऊ." आणि कठड्याला धरून वर चढले. आतली चित्रे त्यांना फारशी कळली नाहीत. एका चित्राच्या कोपऱ्यातली सही पाहून मात्र म्हणाले, "अक्षर कच्चे आहे."

आता रस्त्यावरच्या कलेला बरे दिवस आले आहेत असे म्हणतात. २००९ साली महापालिकेने तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत लोकांना रंगवायला दिली. २०१४ साली वांद्र्याला टेलिफोनच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके अवतरले. २०१७ साली चर्चगेटला रेल्वेच्या इमारतीवर ब्राझीलचे एदुआर्दो कोब्रा यांनी गांधीजी रंगविले. हे सारे पाहायला कुणाला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

उत्सवावर टीका होते, तीही खोटी नाही. गर्दी अनावर असते, जाहिराती डोळ्यांत भरतात, आणि निम्मी माणसे चित्राकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढीत उभी असतात. नऊ दिवस चित्रकारांचे कौतुक करणारे शहर उरलेले वर्षभर पदपथावर चित्र मांडून बसलेल्या माणसाकडे पाहतही नाही, हे मी डोळ्यांनी पाहतो. तरीही लेकराचा हात धरून आलेली, हातात डबा असलेली, चित्रकलेचे एकही पुस्तक न वाचलेली कुटुंबे मला त्या गर्दीत दिसतात. त्यांना कुणी नखांतला रंग विचारीत नाही. माझ्या मते, उत्सवाचे एवढे पुण्य पुरेसे आहे.

२०१७ च्या जानेवारीत चौकात घोडा परत आला. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची कल्पना आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांचे काम. घोडा आला, स्वार आला नाही. आणावयाचाच नव्हता. काही जणांना हे अपुरे वाटले. मला वाटते, लोकांना आरंभापासून जो दिसत होता, तोच घोडा प्रथमच जसाच्या तसा उभा राहिला. १८७९ साली पाटीवालीने जे पाहिले, ते ओतायला १३८ वर्षे लागली, इतकेच.

उत्सवानंतरच्या रविवारी मी नातीला राणीच्या बागेत नेले. ही बाग आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली आहे. नातीला अर्थातच आधी पेंग्विन पाहायचे होते. ते झाल्यावर तिला एडवर्डसाहेबांपुढे उभे केले. "हा बघ, तू विचारलेला माणूस."

तिने पुतळ्याला एक फेरी घातली. मग म्हणाली, "पण आजोबा, याच्याजवळ याचा घोडा आहे की! मग तिकडचा घोडा कुणाचा?"

"तुला कुणाचा वाटतो?"

तिने थोडा विचार केला. "तिथे कुणीच बसलेले नाही," ती म्हणाली, "म्हणजे अजून कुणालाही बसता येईल."

बसवाहक असतो तर तिला त्या दिवशी तिकीट माफ केले असते. तसे करता आले नाही, म्हणून बागेबाहेर भेळ घेतली. खाता खाता मी खाली वाकून तिला घोड्याचा गुडघा कसा पाहावा ते सांगू लागलो.